चाचपणी

मराठी माणसाने सगळी इंद्रिये डोळ्याच्या हवाली केली आहेत, असे त्याची बोली ऐकताना वाटते. आमटीची चव घेऊन बघ, अत्तराचा वास घेऊन बघ, गाणे ऐकून बघ, पोराच्या कपाळाला हात लावून बघ ताप आहे का. वैद्य मनगटावर तीन बोटे टेकवतो, त्याची नजर बहुधा दुसरीकडेच असते, तरी तो नाडी बघतो असेच आपण म्हणतो. पण ‘करून बघणे’, ‘जाऊन बघणे’ यांतला ‘बघ’ डोळ्याचा कुठे असतो? तो पारखण्याचा, अजमावण्याचा ‘बघ’ आहे. ‘हात लावून बघ’ मध्येही तोच आहे. स्पर्शासाठी आपल्याकडे आणखी एक शब्द आहे, ‘लागणे’. काटा लागतो, ठेच लागते, गारठा लागतो. इथे कर्ता काटा असतो आणि माणूस नुसता ‘मला’ म्हणून कडेला उभा राहतो. स्पर्शाविषयीचा आपला रूढ समज या दुसऱ्या शब्दावर पोसला गेला आहे. कातडी म्हणजे अंगावर ताणलेले स्वस्थ कापड, जगातली एखादी वस्तू येऊन त्याला टेकते आणि झाला स्पर्श. मला हा समज अपुरा वाटतो. स्पर्शाने काही कळायचे असेल तर अंगाला हलावे लागते, धुंडाळावे लागते. ‘लागणे’पेक्षा ‘लावून बघणे’ त्या घटनेच्या अधिक जवळ जाते. याचा एक धडधडीत पुरावा इंदापूर तालुक्यात, भिगवण-कुंभारगावच्या गढूळ पाण्यात रोज चालताना दिसतो.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचा जलाशय, यशवंतसागर, सुमारे ११७ टीएमसी पाणी धरतो आणि त्याचा फुगवटा भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या गावांच्या शिवारांत शिरला आहे. पुण्याची मुळा-मुठा आपले सगळे बरे-वाईट घेऊन याच पाण्यात येते. तळाला गाळ, वर शेवाळी छटा, आणि काठाशी पाऊल टाकले की उठणारा चिखल. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला इथे लांबून लोक येतात. ते यावेतच. पण ज्याला स्पर्शाचा विचार करायचा आहे त्याने रोहितांवरून नजर काढून उथळ पाण्यातल्या दोन पक्ष्यांकडे पाहावे. एक राखी बगळा. तो पाण्यात खांबासारखा उभा असतो, मान आखडलेली, नजर पाण्यावर रोखलेली. आपल्या भाषेने या उभे राहण्याला ‘बकध्यान’ म्हणून बदनाम केले, पण बगळ्याच्या दृष्टीने ती सरळ गरज आहे. तो डोळ्याने शिकार करतो, आणि स्वतः स्थिर राहिले की हलणारा मासा डोळ्याला पटकन दिसतो. दुसरा पक्षी चित्रबलाक. पांढरे अंग, छातीवर काळा पट्टा, शेपटीकडे गुलाबी पिसे, आणि लांब पिवळी, टोकाशी जराशी खाली वळलेली चोच. तो उभा राहत नाही. चोच अर्धवट उघडून पाण्यात बुडवतो आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत चालतो. मधूनच पायाने तळ ढवळतो. डोळे पाण्याच्या वर असतात, पण पाण्याखाली त्यांचा उपयोग जवळपास शून्य. एकाच पाण्यात, एकाच माशासाठी, एक पक्षी थांबतो आणि दुसरा चालतो. हा फरक स्वभावाचा नसून इंद्रियाचा आहे.

चित्रबलाकाचा अमेरिकेतला भाऊबंद, त्याच कुळातला आणि त्याच प्रजातीगटातला वुड स्टॉर्क, अशीच चोच फिरवतो. त्याच्यावर फिलिप काल आणि एल. जे. पीकॉक यांनी केलेले काम १९६३ साली ‘नेचर’मध्ये छापून आले. पक्ष्याची दृष्टी तात्पुरती बंद केली तरी तो पाण्यातला मासा पकडत होता. माशाचा चोचीला स्पर्श झाल्यापासून चोच मिटेपर्यंतचा वेळ त्यांनी मोजला, तो सुमारे २५ मिलिसेकंद भरला, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग. आपण ‘पाते लवते न लवते तोच’ म्हणतो. माणसाचे पाते लवायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतोच. तेवढ्यात ती चोच चार वेळा मिटेल. हा प्रयोग चित्रबलाकावर झालेला नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण दोघांची चोच, चाल आणि शिकारीची रीत इतकी सारखी आहे की भिगवणच्या पक्ष्याला वेगळा नियम लावायला कारण दिसत नाही.

चोचीत असो वा बोटात, हे घडते कसे? दाब ही यांत्रिक गोष्ट आहे आणि चेतातंतूंना कळते ती फक्त विजेची भाषा. या दोहोंमधला दुभाषी कोण, हे २०१० पर्यंत कुणाला नक्की ठाऊक नव्हते. कॅलिफोर्नियात अर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत बर्ट्रांड कोस्ट आणि सहकाऱ्यांनी एक चिकाटीचे काम केले. बारीक काचनळीने टोचले की विजेचा प्रवाह सोडणाऱ्या पेशी त्यांनी घेतल्या, संशयित जनुकांची यादी केली आणि एकेक जनुक निष्क्रिय करून पुन्हा टोचून पाहिले. यादीत ७२ जनुके होती, आणि बंद केल्यावर पेशी बधिर झाली ते जनुक अगदी शेवटचे, बहात्तरावे निघाले. दाबासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याच्या प्रथिनाला पिएझो-१ म्हटले गेले. त्याचेच भावंड पिएझो-२, आणि हळुवार स्पर्शाचे काम मुख्यत्वे त्याचे. पेशीच्या पातळ आवरणात तीन पात्यांच्या पंख्यासारखे हे प्रथिन वाडग्याच्या आकारात बसलेले असते. आवरण ताणले गेले की वाडगे सपाट होते, मधले छिद्र उघडते, विद्युतभारित कण आत धावतात आणि संदेश निघतो. या शोधासाठी पॅटापूटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासह २०२१ चे नोबेल मिळाले. येल विद्यापीठात बदकाच्या चोचीकडे जाणारे चेतातंतू तपासले, तेव्हा तिथेही हेच पिएझो-२ भरपूर सापडले. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्याला ते लागणारच.

मात्र नुसत्या छिद्राने काम भागत नाही. छिद्राभोवती काय बसवले आहे, यावर त्याला काय कळणार हे ठरते. १८३१ साली फिलिपो पाचिनी हा इटलीतला तरुण विद्यार्थी मृत हाताचे विच्छेदन करत होता. तळहातातल्या नसांना चिकटलेले बारीक पांढरे दाणे त्याला नुसत्या डोळ्यांनी दिसले. दाणा जेमतेम मिलिमीटरभर, आणि उभा चिरला तर आत थेट कांदा: पापुद्र्यावर पापुद्रा, आणि गाभ्यात चेतातंतूचे उघडे टोक. पक्ष्यांच्या चोचीतही असेच छोटे कांदे असतात. त्यांना एकोणिसाव्या शतकातल्या हर्ब्स्ट या जर्मन संशोधकाचे नाव आहे. भिगवणला थव्यांनी उतरणारा मालगुजा आणि माळावर उकरत फिरणारा काळा शराटी यांच्या कुळांत तर चोचीच्या टोकाच्या हाडालाच बारीक खळगे असतात आणि त्या खळग्यांत हे कांदे दाटीने भरलेले असतात. निसर्गाने या जागी एवढे पापुद्रे कशाला रचले? १९६० च्या दशकात वर्नर लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी कांदा सोलून उत्तर मिळवले. पापुद्रे शाबूत असताना दाणा दाबला तर गाभ्यातला तंतू दाबाच्या सुरुवातीला एकदा बोलतो, दाब काढताना एकदा बोलतो, आणि मधला सगळा वेळ गप्प राहतो. पापुद्रे काढून तोच दाब दिला तर तंतूतला विद्युतबदल दाबाबरोबर रेंगाळत राहतो. म्हणजे हे पापुद्रे गाळणी आहेत. सावकाश आलेला, टिकून राहिलेला दाब ते बाजूला सरकवून जिरवतात आणि झटक्याने झालेला बदल तेवढा आत जाऊ देतात. अशा बदलाबाबत हा दाणा कमालीचा हळवा आहे. सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा होणारे कंपन असेल तर कातडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकी हलली तरी त्याला कळते.

इथे माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार आहे. शरीराने इतका खटाटोप करून जे यंत्र घडवले, ते दाब किती आहे हे सांगायला नसून दाब बदलला का हे सांगायला आहे. अंगठी घालताना जाणवते आणि थोड्या वेळाने बोटाला तिचा पत्ताही नसतो. डोक्याला फेटा बांधताना कळतो, लग्न लागेपर्यंत विसरला जातो. थांबलेला स्पर्श विझतो. म्हणून ज्याला स्पर्शाने काही शोधायचे आहे त्याला हलत राहणे भाग आहे, आणि चित्रबलाक चालत राहतो तो यासाठी. आपला हातही तेच करतो, फक्त आपल्या लक्षात येत नाही. लुगड्याचा पोत बघायचा तर आपण त्यावर बोट ठेवून बसत नाही, पदर चिमटीत धरून चोळतो. उसाला पाणी द्यायच्या आधी बारामतीचा शेतकरी वाफसा बघतो तेव्हा तो मातीची मूठ आवळतो, सोडतो, ढेकळाचा लाडू अंगठ्याने फोडतो. मूठ आवळणे हा एक प्रश्न, लाडू फुटणे किंवा न फुटणे हे त्याचे उत्तर. ज्वारीच्या कणसाचा दाणा हुरड्याला आला का, हे नखाने दाबून कळते, आणि दाबणे ही क्रियाच आहे. माणसाच्या एका तळहातात असे दाब ओळखणारे सुमारे १७,००० तंतू येतात, असा स्वीडनमधल्या संशोधकांचा अंदाज आहे. ते सगळे वाट बघत असतात ती फरकाची.

यावर शरीरशास्त्र जाणणारा लगेच बोट ठेवील, आणि ते योग्य ठिकाणी ठेवील. कातडीत पाचिनीचे दाणे एकटे नाहीत. बोटांच्या टोकांशी, वरच्या थराजवळ माइस्नर यांची कणिका आहे, तीही झटकन गप्प होणारी. पण त्यांच्याच शेजारी मर्केल यांच्या पेशी आहेत आणि खोलवर रुफिनी यांची टोके आहेत, आणि ही दोन्ही दाब टिकून असेपर्यंत संदेश पाठवत राहतात. तेव्हा स्पर्श म्हणजे फक्त बदल, हे म्हणणे खोटे ठरते. मला हे मान्य आहे, आणि त्यामुळे मला माझे विधान आवरते घ्यावे लागते. पेलणे आणि शोधणे ही दोन कामे आहेत. भरलेली घागर कमरेवर धरून ठेवायची तर दाब सतत कळत राहायला हवा, तो असा टिकाऊ स्पर्श देतो. पण मर्केलच्या पेशींचेही सुरुवातीचे बोलणे सर्वांत जोरकस असते आणि नंतर ते मंदावत जाते. शिवाय त्यांचे खरे कसब कडा ओळखण्यात आहे, आणि कडा म्हणजे तरी काय? इथे दाब आहे आणि शेजारी नाही, हा जागेतला फरक. पाचिनीचा दाणा काळातला फरक टिपतो, मर्केलची पेशी जागेतला. १८३४ मध्ये अर्न्स्ट वेबर यांनी कंपासची दोन टोके अंगावर टेकवून ती दोन आहेत हे कुठे कळते याचा नकाशा काढला. बोटाच्या टोकाला दोन मिलिमीटरचे अंतर पुरते, पाठीला चारेक सेंटिमीटर लागतात. तिथेही मोजला गेला तो फरकच, दाबाचे प्रमाण नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक तत्त्वाचा आहे. चोच २५ मिलिसेकंदांत मिटते म्हणजे मेंदूने विचार करायला वेळच मिळाला नाही. ही प्रतिक्षिप्त क्रिया झाली. सापळ्याला उंदीर ‘कळतो’ असे आपण म्हणत नाही, मग पक्ष्याला स्पर्शाने मासा ‘कळला’ असे का म्हणावे? चोच मिटणे हा सापळा आहे, हे मला मान्य. पण सापळा स्वतः उंदीर शोधत फिरत नाही. चोच किती उघडी ठेवायची, पाण्यात किती बुडवायची, किती वेगाने फिरवायची, पाय कुठे ढवळायचा, या सगळ्यात शोध आहे, आणि मिटणे हा त्या शोधाचा शेवटचा क्षण. आणि हा आक्षेप पक्ष्यावर लावायचा तर आपल्या हातावरही लावावा लागेल. काचेचा ओला पेला हातात धरलेला असताना तो किंचित निसटला की बोटे आपोआप आवळतात. रोलांड योहान्सन आणि गोरान वेस्टलिंग यांनी १९८० च्या दशकात हे मोजले. निसटणे सुरू झाल्यापासून सुमारे ७० मिलिसेकंदांत पकड वाढते, आपल्याला ‘निसटला’ असे वाटायच्या आधी. आपला हात रोज हेच करतो, तरी हाताला काही कळत नाही असे कुणी म्हणत नाही. कुंभाराच्या, सुइणीच्या हाताचे तर आपण कौतुक करतो, की त्यांच्या हातालाच कळते.

चित्रबलाक मासे असलेले उथळ पाणी डोळ्यानेच हेरतो, इतर पक्षी उतरलेले पाहून तिथे येतो, मग स्पर्शाची एवढी महती कशाला, असेही कुणी म्हणेल. खरे आहे, डोळा त्याला पाण्यापर्यंत आणतो. पण पाण्याच्या पृष्ठभागाशी डोळ्याची हद्द संपते आणि त्याच्या खाली पोट भरायचे काम चोचीचे असते. यातून जुनाच ग्रह पुढे येतो, की डोळ्याला दूरचे दिसते, कानाला दूरचे ऐकू येते आणि स्पर्श तेवढा अंगाला चिकटलेला, म्हणून तो खालच्या पायरीचा. मला हा ग्रह फार चुकीचा वाटतो. १९९८ मध्ये थ्युनिस पीर्स्मा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की रेड नॉट हा किनाऱ्यावरचा छोटा पक्षी ओल्या वाळूत चोच खुपसतो तेव्हा चोचीमुळे वाळूच्या कणांमधल्या पाण्यात दाबाचे एक क्षेत्र तयार होते. जवळपास शिंपला पुरलेला असेल तर ते क्षेत्र बिघडते आणि ते बिघडणे चोचीला कळते, शिंपल्याला न शिवता. आधी आपण हलायचे, मग त्या हलण्यात जगाने घातलेला अडथळा वाचायचा. माणसाला हे अवजारातून साधते. उजनीच्या पाण्यात गळ टाकून बसणाऱ्याचे बोट दोरीवर असते, आणि चिलापीने आमिषाला नुसते तोंड लावले आणि नीट गिळले यांतला फरक त्याला कितीतरी हात लांबून कळतो. ऊसतोड कामगाराच्या कोयत्याच्या मुठीतून पात्याखालचा ऊस कोवळा की राठ, घाव बुडाशी बसला की वर, हे मनगटापर्यंत पोहोचते. ते पोहोचवणारे मुख्यतः तेच पाचिनीचे दाणे, कारण कंपन ही त्यांची भाषा. ‘आंधळ्याची काठी’ हा आपला वाक्प्रचार आधाराविषयी आहे, पण काठी त्याहून मोठे काम करते. काठीच्या टोकाला जमीन लागते, आणि धरणाऱ्याला ती मुठीत न जाणवता टोकाशी जाणवते.

बारामतीत आज यापुढचा प्रश्न उभा आहे. तिथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने गेल्या काही वर्षांत उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर, शेतातले हवामान केंद्र, उपग्रहाची चित्रे, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाण्याचा सल्ला. मग मुठीतल्या वाफशाची गरज काय? सेन्सर थकत नाही, रात्री झोपत नाही, आणि पाण्याची बचत होत असेल तर त्याच्या बाजूने बोलायला मला अजिबात संकोच नाही. तो टिकाऊ स्पर्शाचा भाऊ आहे, मर्केलच्या पेशीसारखा एका जागी बसून सतत सांगत राहणारा. पण तो जिथे पुरला आहे तिथलाच ओलावा सांगतो. वावराच्या वरच्या अंगाला माती हलकी, खालच्या अंगाला चोपण, बांधाजवळ तिसरीच, आणि हा फरक कळायचा तर कुणीतरी चालले पाहिजे, जागोजाग मूठ आवळली पाहिजे. आकडा आणि मूठ यांतले एक निवडायची वेळ आलेली नाही. मूठ बंद करून नुसता आकडा ठेवला तर काय हरवेल, हे मात्र आधी समजून घ्यायला हवे.

कारण स्पर्श हरवला तर किती हरवते, हे आता वैद्यकाला ठाऊक आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. जन्मतः त्यांच्यात पिएझो-२ काम करत नव्हते. एक मुलगी नऊ वर्षांची, दुसरी एकोणीस. त्यांना दुखते, गरम-गार कळते. पण तळहाताला कंपन कळत नाही, आणि त्याहून अवघड म्हणजे डोळे मिटले की आपला हात कुठे आहे, सांधा वर वाकवला की खाली, हेच कळत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधली की त्यांचे चालणे कोलमडते. उघड्या डोळ्यांनी त्यांनी चालणे, वस्तू धरणे कमावले आहे, एकेक हालचाल पाहून पाहून. स्पर्शाचे काम डोळ्याकडून करून घ्यायला आयुष्यभर किती कष्ट पडतात, ते या दोघींना माहीत आहे. जैन विचारवंतांनी इंद्रियांची चढती मांडणी केली तेव्हा स्पर्शन पहिले ठेवले. एकच इंद्रिय असलेल्या जिवाला तेवढे एक असतेच, आणि माती, पाणी, झाडे यांतले जीवही त्यांनी त्यातच गणले. ती मांडणी प्रयोगातून आलेली नव्हती. पण साध्या जिवाणूच्या आवरणातही ताण ओळखून उघडणारी छिद्रे सापडतात, तेव्हा त्या क्रमाविषयी मला आदर वाटतो.

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरते. फार ओसरले तर पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे मंदिर वर येते आणि ते पाहायला गर्दी होते. त्याच दिवसांत उरलेल्या उथळ पाण्यात मासे दाटतात. तिथून जवळच भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर चित्रबलाकांची घरटी असतात, आणि पिल्लांची भूक मोठी. पाणी कमी, गाळ जास्त, नजर आणखी निकामी. चित्रबलाक चोच बुडवून चालू लागतो. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते, पाण्याची हालचाल आणि दाबातला फरक टिपणारी, म्हणजे त्या अंधाऱ्या पाण्यात मासाही चाचपडतच जगतो. पक्ष्याचा पाय तळ ढवळतो, पाण्याचा लोट माशाच्या कुशीला लागतो, मासा उसळतो, आणि उसळताना उघड्या चोचीला शिवतो.